दगडाआधी वही: आयर्लंडच्या गावात वारसा मंडळ उभं करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काउंटी किल्केनीतल्या एका लहान गावात तुम्ही आठ वर्षं राहता. गावाबाहेर पडक्या चर्चभोवती जुनी दफनभूमी आहे. चर्चच्या भिंती आयव्हीच्या वेलीखाली गेल्यात, थडग्यांचे दगड कलंडलेत. दहा-बारा गावकरी जमले, हेरिटेज सोसायटी काढायचं ठरलं आणि सेक्रेटरीपद तुमच्याकडे आलं. आता तुम्ही विचारताय की आधी नोंदणी करायची की साफसफाई, पैसा कुठून आणायचा आणि मंडळ वाढवायचं कसं.

नोंदणीचा आणि पैशाचा भाग अवघड नाही. घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. नव्याचे नऊ दिवस संपतात. पहिल्या उन्हाळ्यात वीस जण कोयते घेऊन हजर असतात, तिसऱ्या हिवाळ्यात सभेला चौघं उरतात. त्या चौघांनाही धरून ठेवील असं काम कोणतं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. माझ्या मते ते काम नोंदीचं. भिंत बांधणं, दगड उभे करणं, फलक लावणं हे सगळं त्यानंतर.

आयर्लंडमध्ये नोंदीचं मोल इतकं का, ते आधी सांगतो. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धात जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पानं आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द) बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या त्यात गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणना सरकारनं त्याआधीच नष्ट केल्या होत्या. सगळ्या मृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ साली. म्हणजे १७८० च्या सुमारास वारलेल्या शेतकऱ्याचं नाव, त्याचं टाउनलँड आणि बायकोचं माहेरचं आडनाव कित्येकदा त्या एका दगडावरच उरलेलं असतं. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखा जमिनीचा, सरकारदरबारी नाव असलेला सगळ्यात लहान तुकडा, देशभरात असे साठ हजारांवर आहेत. जुन्या दगडांवर बाईच्या सासरच्या आणि माहेरच्या आडनावांमध्ये ‘एलियास’ म्हणजे ‘उर्फ’ असा शब्द कोरलेला दिसतो. तो शब्द दर हिवाळ्यात दव आणि बर्फानं थोडाथोडा झिजतोय. भिंत पाच वर्षांनी दुरुस्त झाली तरी चालेल, ती अक्षरं तोवर थांबतीलच असं नाही.

आता मंडळाच्या रचनेकडे. पहिल्या वर्षी कंपनी स्थापन करायच्या मागे लागू नका. साधी नोंदणी नसलेली संस्था म्हणून सुरुवात करा: लेखी घटना, पाच ते सात जणांची कार्यकारिणी, बँकेत किंवा क्रेडिट युनियनमध्ये (पतसंस्थेत) दोन सह्यांचं खातं. या रचनेची मर्यादा मात्र सगळ्यांना पहिल्याच सभेत सांगा. अशा संस्थेला कायद्यानं स्वतंत्र अस्तित्व नसतं. करार केला तर सही करणारा जातीनं बांधला जातो आणि मालमत्ता संस्थेच्या नावावर घेता येत नाही. मोठं अनुदान, पगारी माणूस किंवा इमारत दिसायला लागली की हमीमर्यादित कंपनी, म्हणजे सभासदांची जबाबदारी ठरलेल्या हमीच्या रकमेपुरतीच असलेली कंपनी, करायची वेळ आली असं समजा. लोक इथं तिला सीएलजी म्हणतात. त्यात दरवर्षी कंपनी नोंदणी कार्यालयात विवरणपत्र भरावं लागतं, उशीर झाला तर दंड बसतो. हे सांभाळणारा खजिनदार नसेल तर ती घाई अंगाशी येते.

धर्मादाय दर्जाचा विषय वेगळा. २००९ च्या चॅरिटीज कायद्याखाली नेमलेलं नियामक मंडळ २०१४ पासून काम करतंय. अर्जासाठी किमान तीन विश्वस्त लागतात आणि ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत. लहान गावात ही अट वाटते त्यापेक्षा जड जाते, कारण तिघांपैकी दोघं चुलतभाऊ निघतात. नोंदणी झाल्यावर आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांच्या आत वार्षिक अहवाल द्यायचा असतो. नोंदणी नसताना पत्रकावर स्वतःला चॅरिटी म्हणवून घेणं गुन्हा आहे, तेव्हा तो शब्द तोपर्यंत कुठेही छापू नका. आणि मराठी माणसाला हमखास अडकवणारी गोष्ट ही: आपल्याकडे मंडळ म्हटलं की पावतीपुस्तक घेऊन दारोदार निघायचं. इथं रस्त्यावर किंवा घरोघरी पैसे गोळा करायला १९६२ च्या कायद्याप्रमाणे गार्डा पोलिसांचा परवाना लागतो. सभासदाकडून वर्गणी घ्यायला लागत नाही.

घटना लिहिताना उद्दिष्टाच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. कॉन्रा ना गेल्गे म्हणजे गेलिक लीगचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. ३१ जुलै १८९३ रोजी डब्लिनमध्ये डग्लस हाइड, ओइन मॅकनील आणि मोजक्या मंडळींनी ती सुरू केली. आयरिश भाषा जगवायची, राजकारण आणि धर्म बाहेर ठेवायचा, एवढंच ठरलं होतं. त्यामुळे वेगवेगळ्या पंथांची माणसं एका बाकावर बसून व्याकरण शिकली. फिरते संघटक गावोगाव सायकलवरून जात, वर्ग लावून देत, शाखा उभी राहिली की पुढच्या गावी निघत. १९०४ पर्यंत सहाशेच्या आसपास शाखा आणि सुमारे पन्नास हजार सभासद झाले. पुढे १९१५ मध्ये डंडॉकच्या अधिवेशनात उद्दिष्टात स्वतंत्र आयर्लंडचा उल्लेख घातला गेला आणि हाइड अध्यक्षपदावरून बाजूला झाले. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर इथं आजही माणसं तावातावानं बोलतात. तुमच्यापुरता मुद्दा असा की उद्दिष्टातले दोन शब्द बदलले की मंडळातली माणसं बदलतात. म्हणून कलमात लिहा: उद्दिष्ट बदलायचं तर एकवीस दिवसांची लेखी सूचना आणि हजर सभासदांची दोन-तृतीयांश मतं. याशिवाय गणपूर्ती किती, पदाधिकारी सलग जास्तीत जास्त किती वर्षं (तीन पुरेत), आणि मंडळ बंद पडलं तर उरलेले पैसे आणि कागद कोणाकडे जातील, हेही लिहा. पैशाचं सगळ्यांना सुचतं, कागदांचं राहून जातं. काउंटी लायब्ररीच्या स्थानिक अभ्यास विभागाचं नाव घाला आणि त्यांना तसं आधी कळवा.

आता दफनभूमी. पहिला प्रश्न मालकीचा. १८६९ च्या कायद्यानं चर्च ऑफ आयर्लंडचा राज्याशी संबंध तुटल्यावर अशा कित्येक जुन्या दफनभूमी सार्वजनिक मंडळांकडे गेल्या आणि पुढे काउंटी कौन्सिलकडे आल्या. पण सगळ्या नाही. काही शेताच्या मध्ये आहेत आणि वाट शेतकऱ्याच्या फाटकातून जाते. तेव्हा मालकाची लेखी परवानगी घ्या आणि शेतकऱ्याच्या घरी अध्यक्षांनी स्वतः जाऊन बसून बोलावं. ई-मेलवर हे काम होत नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा. राष्ट्रीय स्मारक सेवेच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर या नकाशावर तुमची जागा शोधा. १७०० च्या आधीची चर्चं आणि त्यांच्या दफनभूमी बहुतेक वेळा तिथं क्रमांकासह नोंदलेल्या असतात. अशा नोंदलेल्या जागी कुठलंही काम करण्याआधी दोन महिन्यांची लेखी सूचना द्यायची, हा १९९४ च्या दुरुस्ती कायद्याचा नियम. २०२३ चा नवा वारसा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, त्यामुळे तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी कोणता नियम चालू आहे हे काउंटी कौन्सिलच्या हेरिटेज ऑफिसरकडून पत्रानं विचारून घ्या. हा अधिकारी तुमचा सगळ्यात उपयोगी माणूस. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांना जागेवर बोलवा, नंतर अनुदानाच्या मोसमात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मेटल डिटेक्टर घेऊन कोणी उत्साही तरुण आला तर त्याला फाटकावरच थांबवा. पुराणवस्तू शोधण्यासाठी तो परवान्याशिवाय वापरणं १९८७ पासून गुन्हा आहे.

साफसफाईत नुकसान कसं होतं, ते नीट समजून घ्या, कारण ते नेहमी चांगल्या मनाच्या माणसांकडून होतं. भिंतीवरची आयव्ही ओढून काढू नका. तिची मुळं सांध्यांतल्या चुन्यात शिरलेली असतात. पुष्कळदा तीच भिंत धरून ठेवते. बुंधा कापला की दोन-तीन वर्षांत मुळं कुजतात, सांधे मोकळे होतात आणि दगड सुटतात. वेलीचं काय करायचं ते जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्यानं सांगायचं. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात वन्यजीव कायद्यानं झुडपं तोडायला आणि जाळायला बंदी आहे, म्हणजे तुमचा कामाचा हंगाम सप्टेंबरनंतरचा. भिंतीत वटवाघळं असतील तर ती बारा महिने संरक्षित. गवत कापताना स्ट्रिमरची (गवत कापायच्या हातयंत्राची) फिरती दोरी दगडाच्या पायथ्याला लागली की कोरीव काम कायमचं ओरबाडलं जातं, म्हणून दगडाभोवतीची वीतभर जागा हातानं कापा. तणनाशक नको, ब्लीच नको, तारेचा ब्रश नको, अक्षरात खडू नको. कलंडलेला दगड सिमेंट ओतून उभा करू नका. सिमेंट कडक आणि पाणी अडवणारं, त्यामुळे दगड बरोबर जमिनीलगत तडकतो.

आणि एक कळकळीची विनंती. गवतात गुडघ्याखाली उंचीचे, अक्षर नसलेले ओबडधोबड दगड सापडतील. राडारोडा समजून ते एका कोपऱ्यात रचून ठेवणं ही सगळ्यात वाईट चूक. ती थडग्यांची खूण असते, कधी बाळांची, कधी १८४५ नंतरच्या दुष्काळात गेलेल्यांची. कोरलेला दगड परवडला नाही त्यांच्यासाठी घरच्यांनी बांधावरचा दगड आणून ठेवला. एकदा हलवला की त्या माणसाची शेवटची खूण गेली.

नोंदीची पद्धत अशी ठेवा. तिघांचा गट करा: एक वाचणारा, एक लिहिणारा, एक फोटो काढणारा. तीस मीटरची टेप आणि होकायंत्र घेऊन कागदावर दफनभूमीचा आराखडा काढा, उत्तर दिशा दाखवा, प्रत्येक दगडाला क्रमांक द्या. अक्षर नसलेल्या दगडांनाही द्या. जमिनीत खुंट्या ठोकू नका. क्रमांक पुठ्ठ्यावर लिहून फोटोपुरता दगडाच्या पायाशी टेकवा आणि उचला. प्रत्येक दगडाचे दोन फोटो: एक समोरून, क्रमांक आणि मापपट्टीसह, दुसरा तिरक्या उजेडात.

हा तिरका उजेड म्हणजे सगळी किमया. सपाट ढगाळ उजेडात कोरा वाटणारा दगड घ्या. भिंतीवर लावतात तसा दोन फुटी आरसा घेऊन एकानं पाच-सहा पावलांवर बाजूला उभं राहावं आणि उन्हाचा पट्टा दगडाच्या पृष्ठभागावरून जवळपास घासत जाईल असा वळवावा. खोलगट रेघांत सावली बसते आणि अक्षरं उठून येतात: आधी वरचं आयएचएस (येशूच्या नावाचं संक्षिप्त रूप) आणि त्यातल्या एचवरचा क्रूस, मग पहिली ओळ, मग ओळीच्या शेवटी जागा संपली म्हणून गवंड्यानं वर चढवलेलं बारीक अक्षर. आरसा बोटभर हलवला की आकडा बदलतो. एक आणि सात, तीन आणि आठ यांत गफलत इथंच होते, म्हणून सालाची ओळ चारही बाजूंच्या उजेडात वाचा. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर ऊन आपोआप तिरकं येतं ते सूर्याच्या मध्यान्हीला, आणि किल्केनीत उन्हाळ्यात ती घड्याळात दीडच्या सुमारास होते. अशा दगडांसाठी जेवणाची वेळ दोनची ठेवा.

मजकूर उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका. चुकलेलं आडनाव चुकलेलंच लिहा, ओळी जिथं तुटतात तिथंच तोडा, वाचता न आलेल्या अक्षरांच्या जागी चौकटी कंसात टिंबं द्या. अंदाज समासात. त्या दिवशीचा मजकूर दुसऱ्या दिवशी वेगळ्या माणसानं दगडासमोर उभं राहून ताडून बघायचा. पुस्तकांत छापल्या गेलेल्या बऱ्याच चुका ही दुसरी फेरी गाळल्यानं शिरतात. नवख्या गटाचे दिवसाला वीस-पंचवीस दगड झाले तर उत्तम. दोनशे दगडांची जागा असेल तर एक मोसम धरा.

पैशाचा हिशेब आता सोपा होतो. पस्तीस सभासद आणि वीस युरो वर्गणी म्हणजे ७०० युरो. त्यात सभागृहाचं भाडं, पत्रकं आणि विमा. विम्याचा वाटा यात मोठा असतो, आणि सार्वजनिक जबाबदारीचा विमा साधारण ६५ लाख युरोंचा असावा अशी बऱ्याच कौन्सिलची अट असते. छत्र संस्थेमार्फत गट विमा मिळतो का ते आधी बघा. फेडरेशन ऑफ लोकल हिस्टरी सोसायटीज ही अशीच छत्र संस्था १९८१ पासून आहे. काउंटीच्या पब्लिक पार्टिसिपेशन नेटवर्कमध्येही (स्थानिक संस्थांच्या जाळ्यात) नाव नोंदवा, ते फुकट असतं आणि लहान अनुदानांच्या सूचना तिथूनच येतात. पडक्या चर्चसाठी कम्युनिटी मॉन्युमेंट्स फंड हे २०२० पासून चालू असलेलं अनुदान आहे. अर्ज काउंटी कौन्सिलमार्फत जातो आणि त्यात एक भाग जतन-आराखड्यासाठी, एक तातडीच्या दुरुस्तीसाठी असतो. आधी आराखड्यासाठी अर्ज करा. आराखडा नसलेला दुरुस्तीचा अर्ज कमकुवत ठरतो आणि तुमची नोंदवही त्या आराखड्याचा पाया होते. वर्षभरात चर्चवर छप्पर घालायचं स्वप्न गावकऱ्यांना दाखवू नका. छप्पर नसलेलं चर्च छप्पराशिवाय टिकवणं हेच इथलं जतनाचं काम.

वाढीबद्दल तुमच्याच काउंटीचा धडा सगळ्यात मोठा आहे. १८४९ मध्ये रेव्हरंड जेम्स ग्रेव्हज आणि पत्रकार जॉन प्रिम यांनी किल्केनी आर्किऑलॉजिकल सोसायटी काढली. वर्गणी मुद्दाम कमी ठेवली, वर्षाला पाच शिलिंग, आणि सभेत वाचलेले लेख छापून सभासदांच्या घरी पाठवले. त्या छापील अंकामुळे किल्केनी कधीही न पाहिलेले लोक सभासद झाले. नाव रुंदावत गेलं आणि १८९० मध्ये तिची रॉयल सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज ऑफ आयर्लंड झाली. तिचं नियतकालिक आजही निघतं. पण संस्था डब्लिनची झाली आणि किल्केनीला स्वतःचं मंडळ उरलं नाही. ते पुन्हा उभं राहायला १९४५ उजाडलं. त्या नव्या मंडळानं १९६२ मध्ये रॉथ हाउस हे १५९४ ते १६१० दरम्यान बांधलेलं व्यापाऱ्याचं घर विकत घेतलं आणि १९६६ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. तुम्ही वाढाल तेव्हा गावातली मासिक सभा कधीही बाहेर हलवू नका.

इमारत घ्यायचा मोह मात्र जपून. आयरिश जॉर्जियन सोसायटीचा इतिहास यासाठी बघावा. १९०८ ची मूळ जॉर्जियन सोसायटी फक्त जॉर्जियन, म्हणजे मुख्यतः अठराव्या शतकातल्या, घरांच्या नोंदीसाठी होती. तिनं १९०९ ते १९१३ मध्ये पाच खंड काढले आणि ठरल्याप्रमाणे काम संपवलं. १९५७ मध्ये डब्लिनच्या किल्डेअर प्लेसमधली अठराव्या शतकातली दोन धडधाकट घरं पाडली गेली, तेव्हा डेझमंड गिनेस यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, आणि मारिगा आणि डेझमंड गिनेस या दाम्पत्यानं मूळ संस्थेच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, २१ फेब्रुवारी १९५८ ला तिचं पुनरुज्जीवन केलं. या वेळी हातात ब्रश आणि बादल्या होत्या. १९६७ मध्ये गिनेस यांनी कॅसलटाउन हे प्रचंड घर विकत घेतलं, सोसायटीनं तिथं ठाण मांडून ते लोकांना खुलं केलं. वाचलं ते त्यांच्यामुळेच. तरीही १९७९ मध्ये त्यासाठी वेगळं प्रतिष्ठान करावं लागलं आणि १९९४ मध्ये घर सरकारकडे गेलं. छप्पर, गटारं, घर गरम ठेवणं यांचा खर्च दरवर्षीचा असतो, देणगीचा उत्साह दरवर्षीचा नसतो. आणि १९०८ च्या त्या पाच खंडांतली कित्येक दालनं आज फक्त त्या पानांवर आहेत.

तुमच्यासाठी वाढीचं वेळापत्रक साधं असावं. ऑक्टोबर ते एप्रिल महिन्याच्या एका ठरलेल्या वारी व्याख्यान, मग चहा. उन्हाळ्यात दोन फेरफटके. ऑगस्टमधल्या हेरिटेज वीकमध्ये एक खुला दिवस. दुसऱ्या वर्षाअखेर ऐंशी ते शंभर पानांचा वार्षिक अंक, २०० प्रती, जास्त नाही, कारण उरलेले गठ्ठे कोणाच्या तरी गॅरेजमध्ये दमट होतात. अंकाला राष्ट्रीय ग्रंथालयातून आयएसएसएन हा नियतकालिकांचा ओळख-क्रमांक मोफत मिळतो, तो घ्या आणि एक प्रत तिथं जमा करा. नोंदी संकेतस्थळावर टाकल्या की अमेरिका-ऑस्ट्रेलियातून वंशजांची पत्रं येतील. प्रत्येकाला आठवड्याच्या आत उत्तर जावं, मग माहिती असो वा नसो. दूरचे सभासद असेच मिळतात. शाळेलाही सोबत घ्या. १९३७ ते १९३९ मध्ये सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणी उतरवल्या, त्या आता दूखस या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. तुमच्या गावच्या शाळेच्या पानावर आजच्या मुलांच्या पणज्यांचं अक्षर सापडण्याची चांगली शक्यता आहे.

शेवटी तुम्ही हळूच विचारलेलं: बाहेरच्या माणसानं सेक्रेटरी व्हावं का? खुशाल व्हा. गावातल्या दोन घराण्यांचा बांधाचा जुना वाद असेल तर त्यात तुमची बाजू नाही, ही मोठी जमेची गोष्ट. उणी बाजू टाउनलँडांच्या नावांची. ती लिहिली जातात एक, बोलली जातात दुसरी. पहिल्या महिन्यात गावातल्या दोन-तीन वयस्कर माणसांना १८४० च्या सुमाराचा सहा इंची (मैलाला सहा इंच प्रमाणाचा) नकाशा दाखवा, प्रत्येक नाव त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करा आणि शेतांची, वाटांची, विहिरींची नकाशावर नसलेली नावंही विचारा. इतिवृत्त सभेच्याच रात्री लिहा: हजर कोण, ठराव काय, मांडला कोणी, अनुमोदन कोणाचं, काम कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत. नकाशाच्या बैठकीला ग्रेफाइट पेन्सिल न्या. पेन नको, म्हातारी माणसं बोलता बोलता नाव दुरुस्त करतात.